एकशे तेरावी नोंद

दिल्लीत कुठे काय चांगलं खायला मिळतं, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. हे मत माझं स्वतःचं असल्यामुळे त्यात पक्षपाताचा प्रश्नच येत नाही.

माझा जन्म इथलाच. वडील सरकारी नोकरीत, मीही सरकारी नोकरीत. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये चालायला शिकलो आणि आता आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गुडघे धरून चालतो. मधल्या काळात तुम्ही केलंत काय, असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे एक वही आहे. तिच्यात दिल्ली, नोएडा, गुडगाव मिळून खाण्याच्या एकशे बारा जागांची नोंद आहे. क्रमांक, पत्ता, काय खावं, काय खाऊ नये आणि शेवटी मालकाबद्दल एक वाक्य. उदाहरणार्थ, 'क्र. १७. सरोजिनी नगर मार्केट, मागच्या बाजूला. आलू टिक्की उत्तम. हिरवी चटणी मागून घ्यावी. मालक स्वतःला फार शहाणा समजतो.' किंवा 'क्र. ४१. पहाडगंज, स्टेशनकडून आलं की तिसरी गल्ली. छोले-भटुरे. सकाळी नऊच्या आत जावं. नंतर छोले असतात, भटुरे असतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख नसते. मालक स्वतःला फार शहाणा समजतो.' (हे शेवटचं वाक्य एकशे बारांपैकी नव्वदेक नोंदींत आहे. दिल्लीच्या मालकांचा स्वभावच असा, त्याला मी काय करणार!)

दर रविवारी यातली एक नोंद मी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. ग्रुपात दोनशेवर माणसं आहेत. चौघं अंगठा दाखवतात. त्यातला एक अंगठा बायकोचा असतो, आणि तोही मी आठवण करून दिल्यावर.

तर गेल्या डिसेंबरात या ग्रुपवर मिहीर नावाच्या एका नव्या मुलाने विचारलं, "हाय ऑल, पुण्याहून नुकतेच नोएडाला शिफ्ट झालोय. चांगल्या बेकरीज सजेस्ट करा ना प्लीज. सावरडो ब्रेड मिळाला तर बेस्ट!"

लगेच गुडगाव-नोएडाच्या मंडळींनी धडाधड नावं पाठवली. इथला केक, तिथला क्रोसाँ, कुठे कुत्र्याला आत नेता येतं, कुठे बाहेर बांधावं लागतं. मी चष्मा पुसला आणि चाळीस ओळींचं उत्तर लिहिलं. बेकरी म्हणजे काचेचं दार, पिवळा दिवा आणि फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू नव्हे, अशी सुरुवात केली. खरी दिल्लीची बेकरी म्हणजे भट्टी! आपण घरून पीठ, तूप, साखर घेऊन जायचं. भट्टीवाला आपल्यासमोर मळतो, आपल्यासमोर भाजतो आणि गरमागरम बिस्किटं आपल्याच डब्यात भरून देतो. 'यात फसवणुकीला जागाच नाही, कारण सामान आपलं असतं!' असा मी शेवट केला. (हे वाक्य पुढे मला बऱ्याच जणांनी बऱ्याच वेळा ऐकवलं.) आणि तेवढ्यावर न थांबता जाहीर केलं की, येत्या रविवारी मंडळाच्या आनंद मेळाव्यात मी स्वतः भट्टीची बिस्किटं घेऊन येईन, सगळ्यांनी चव बघावी आणि मग सावरडोबद्दल बोलावं.

आता या मेळाव्याचं आमच्या घरात काय महत्त्व होतं ते सांगायला हवं. माझी बायको वर्षा चार वर्षं थालीपिठाच्या स्टॉलसाठी नाव देत होती. चारही वर्षं तो स्टॉल मंडळाच्या एका जुन्या काकूंकडे जात होता, कारण त्या जुन्या होत्या. या वर्षी काकू निवृत्त यजमानांबरोबर नाशिकला गेल्या आणि स्टॉल वर्षाला मिळाला. त्या दिवशी ती फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि एकटीच हसत उभी राहिली. मी पाहिलं, पण तिला कळू दिलं नाही.

तिने साताऱ्याला कमलमावशीला कळवलं. बहात्तर वर्षांच्या मावशीने सगळी धान्यं वेगवेगळी भाजून, दळून, पाच किलो भाजणी ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर दिल्लीला पाठवली. गुरुवारी ती आली. वर्षाने पिशवी उघडली, नाक आत घातलं आणि म्हणाली, "अहो, वास बघा! अख्खं माहेर आलंय यात!"

मी वास घेतला आणि "वा!" म्हणालो. खरं म्हणजे मला कसलाच वास आला नव्हता. डिसेंबरातली दिल्लीची हवा माझ्या नाकात आठ दिवस मुक्कामाला होती. दोन्ही नाकपुड्या बंद. पण एकशे बारा जागांचा जाणकार आपलं नाक चालत नाही असं कसं सांगणार? डोळ्यांच्या डॉक्टरने पांढरी काठी घेऊन दवाखान्यात यावं तसं झालं असतं.

मग तिने आणखी काहीतरी सांगितलं. मी तेव्हा फोनवर क्र. ८८च्या कुलच्यांबद्दल लिहीत होतो, म्हणून "हो हो" म्हणालो. तिने काय सांगितलं होतं ते मला शनिवारी दुपारी कळलं. तिने सांगितलं होतं, "गव्हाचं पीठ मी प्लास्टिकच्या डब्यात काढलंय आणि मोठ्या स्टीलच्या डब्यात भाजणी भरलीय. लक्षात ठेवा."

शनिवारी सकाळी वर्षा स्टॉलसाठी टेबलावरचं कापड आणि एप्रन घ्यायला सरोजिनी नगरला गेली. मी मोठा स्टीलचा डबा उचलला. गेली वीस वर्षं त्या डब्यात गव्हाचंच पीठ असायचं. दोनशे माणसांना बिस्किटं द्यायची म्हणून अख्खा डबाच घेतला. सोबत घरचं तूप, साखर, वेलची, आणि बिस्किटं आणायला पत्र्याचे दोन डबे. रिक्षा करून मुनिरका गावातल्या शकीलभाईंच्या भट्टीवर पोहोचलो (क्र. ६३. मालक स्वतःला वगैरे वगैरे).

रांग होती. माझा नंबर आल्यावर शकीलभाईंनी डब्यात हात घातला, चिमूटभर पीठ बोटांवर चोळलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ये कौन सा आटा है जी?"

"गेहूं का. और कौन सा?"

"रंग तो देखो इसका."

"चोकर वाला है, छिलके समेत पिसा हुआ. आप लोग मैदा खा-खाकर असली आटे का रंग भूल गए हैं."

शकीलभाईंनी वास घेतला. "भुना हुआ है ये. और इसमें धनिया-जीरा भी है."

"भाईसाहब," मी आवाज चढवला, कारण रांगेतली माणसं ऐकत होती, "मैं पचास साल से इस शहर में खा रहा हूँ. आटा तो मैं नाक से पहचान लेता हूँ!" (हे बोलताना त्याच नाकाला मी रुमाल लावलेला होता.)

"खा तो रहे हो जी," शकीलभाई शांतपणे म्हणाले, "पर एक बार घर फोन कर लो."

घरी फोन! मी! मागे उभ्या असलेल्या एका पंजाबी बाईंनी मध्यस्थी केली. "बना दो भैया. साउथ इंडियन लोग ऐसा ही खाते होंगे."

महाराष्ट्र दक्षिणेत येत नाही यावर मी त्यांना पाच मिनिटं ऐकवलं. तोवर शकीलभाईंनी खांदे उडवून डबा परातीत रिकामा केला होता. पीठ मिळून येईना. "पकड़ नहीं रहा," ते म्हणाले. "और घी डालिए," मी म्हणालो. थोड्या वेळाने पुन्हा "पकड़ नहीं रहा". पुन्हा "और घी". शेवटी तुपाचा डबा रिकामा झाला तेव्हा त्या पिठाने नाइलाजाने माघार घेतली.

पहिला ट्रे बाहेर आला. बिस्किटं चॉकलेटी रंगाची झाली होती. मी एक तोंडात टाकलं. गरम लागलं. एवढंच लागलं. पण सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, म्हणून मी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणालो, "वाह! इसको कहते हैं शुद्ध गेहूं!" आणि रांगेत सगळ्यांना एकेक वाटलं.

पंजाबी बाई बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "बड़ा हेल्दी है जी."

दिल्लीत एखाद्या पदार्थाला हेल्दी म्हणाले की समजावं, दुसऱ्यांदा कुणी मागणार नाही. हे मीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. पण वाचतो कोण!

दुपारी बाराच्या सुमारास दोन भरलेले डबे घेऊन मी विजयी मुद्रेने घरी आलो. मुलगी रेवा सोफ्यावर पडली होती. कॉलेजात आहे, जन्म दिल्लीचा, मराठी बोलते ती आमच्यावर उपकार म्हणून. तिने एक बिस्किट खाल्लं.

"बाबा, थालीपीठ का बिस्किट? क्यूट आयडिया यार!"

"कसलं थालीपीठ?"

"अरे, टेस्ट बिल्कुल तसाच आहे ना. आणि मग एंडला एकदम इलायची येते. थोडं वीअर्ड आहे, बट ठीक आहे."

मी स्वयंपाकघरात गेलो. कोपऱ्यात प्लास्टिकचा एक डबा होता. झाकण उघडलं. आत पांढरंशुभ्र, निष्पाप गव्हाचं पीठ. तेव्हा मला गुरुवारचं वर्षाचं वाक्य आठवलं, अगदी शब्दन् शब्द. आपला मेंदू सगळं जपून ठेवतो हो, फक्त वेळेवर देत नाही.

"आई को बता दूँ?" रेवाने विचारलं.

"खबरदार!"

वर्षा पाचला परत येणार होती. माझ्या हातात पाच तास होते आणि गाठीला एकशे बारा जागांची वही. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. टिक्की कुठे, निहारी कुठे, जिलबी कुठे, सोळा प्रकारचे पराठे कुठे, मध्यरात्री अंडाभुर्जी कुठे, सगळं होतं. भाजणी कुठे मिळेल ते नव्हतं. ग्रुपवर विचारावं तर ग्रुपात वर्षाही होती. शेवटी मिशी खाली करून मी मिहीरला एकट्याला फोन लावला.

"काका, डोंट वरी," तो म्हणाला, "दहा मिनिटांत डिलिव्हरी देणारी अॅप्स बघतो." दोन मिनिटांनी म्हणाला, "मंगळवारी येईल असं दाखवतंय."

"मला आज पाहिजे रे!"

"मग काका, तुमच्या लिस्टमध्ये नाहीये का कुठे?"

(त्याने हे निरागसपणे विचारलं असणार. मी तरी तसंच धरून चाललोय.)

मग आठवलं, पहाडगंजला मराठी शाळेच्या बाजूला एक दुकान आहे, तिथे मेतकूट, कोकम, पापड असलं आपल्याकडचं सामान मिळतं. मेट्रोने धावलो. आर. के. आश्रमला उतरून जवळजवळ पळत दुकान गाठलं. "भाजणी आहे?" विचारताना मला धाप लागली होती.

"आहे की," दुकानदार म्हणाले. "किती देऊ?"

मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. "आहे तेवढी सगळी द्या!" दहा पाकिटं पिशवीत भरली. परतीच्या मेट्रोत बसायला जागा मिळाली, जगात देव आहे असं वाटू लागलं, आणि केवळ समाधानासाठी मी एक पाकीट काढून कुरवाळलं. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत छापलं होतं: 'उपवासाची भाजणी'. साबुदाणा, वरी आणि राजगिरा!

एका दिवसात दुसऱ्यांदा मी काय आहे ते न बघता पीठ उचललं होतं. आणि या वेळी तर ते लिहिलेलं होतं.

घरी आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. माणूस घाबरला की त्याला युक्ती सुचते, आणि फारच घाबरला की ती चांगली वाटते. मी रेवाला म्हणालो, "बिस्किटं म्हणजे शेवटी काय? भाजणीच ना? मिक्सरमधून काढली की झाली परत भाजणी!"

"बाबा, त्यात शुगर आहे. घी आहे. इलायची आहे."

"तिखट-मीठ जास्त घालू. कळत नाही."

"तुम्हाला नाही कळत," रेवा म्हणाली. पण तिने मिक्सर काढून दिला, आणि हे सगळं जवळून बघायला मिळावं म्हणून स्टूल घेऊन बसली.

एक डबा बिस्किटं दळली. जे तयार झालं त्याला पीठ म्हणणं म्हणजे पिठाचा अपमान. तुपकट, ओलसर, खडीचा रस्ता उकरल्यासारखं. ते स्टीलच्या डब्यात भरलं आणि वरून चमच्याने सारखं केलं. दिसायला ठीक दिसत होतं. मग म्हटलं, एक थालीपीठ करून बघू. कांदा चिरला, तिखट घातलं, मळलं, तव्यावर थापलं, मधे बोटाने भोकही पाडलं.

आधी तूप सुटलं. मग थालीपिठाने हातपाय पसरले. भोक बुजलं. मग साखर जळायला लागली आणि अख्ख्या स्वयंपाकघरात काळा धूर झाला. मी कालथा घालून ते उलटायला गेलो, तर अर्धं कालथ्याला आलं आणि अर्धं तव्याचंच झालं. रेवा खोकत खिडक्या उघडत होती. आणि त्याच वेळी दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

वर्षाने हातातलं नवंकोरं लाल चौकड्यांचं कापड टेबलावर ठेवलं. धुराकडे बघितलं, तव्याकडे बघितलं, उघड्या स्टीलच्या डब्याकडे बघितलं. डब्यात बोट घालून चाटलं. मग बिस्किटाच्या डब्याकडे बघितलं. वीस वर्षांत तिला माझ्याबद्दल सगळं कळायला कधीच चार सेकंदांपेक्षा जास्त लागलेले नाहीत.

"सगळी?" तिने विचारलं.

"सगळी," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. पण ती रेवाच्या स्टूलवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशीचा खांदा दुखतो हो. दोन सकाळी कढईसमोर बसून भाजली तिने. मी म्हटलं होतं, थोडीच पाठव. म्हणाली, तुझा पहिला स्टॉल आहे, कमी पडायला नको." मग एप्रनची पिशवी घडी करत म्हणाली, "मंडळाला फोन करते. नाव काढून घेते."

मला माझी लाज वाटली. विनोदी लाज नव्हे, साधी. चार वर्षं जिने वाट पाहिली तिचा स्टॉल मी दोनशे अनोळखी माणसांपुढे भाव खायला म्हणून भट्टीत घातला होता, आणि तोही शकीलभाई मला दोनदा सांगत असताना. मी म्हणालो, "चुकलं माझं." तिने फोन हातात घेतला.

तेवढ्यात समोरच्या दारातल्या सिन्हाभाभी नाकाला पदर लावून आल्या. "क्या जल रहा है, भाभी? सब ठीक है ना?"

वर्षाने त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. भाजणी म्हणजे काय तेही सांगितलं, वेगवेगळी धान्यं भाजून दळलेलं पीठ.

"भुना हुआ?" सिन्हाभाभी म्हणाल्या. "चना भी पड़ता है उसमें? तो सत्तू है ना हमारे यहाँ! परसों ही गाँव से आया है. दो किलो ले जाइए."

वर्षा बोटांवर मोजायला लागली. हरभरा झाला. गहू आपला आहे. उडीद डाळ घरात आहे, भाजून मिक्सरला लावता येईल. धने-जिरे आहेत. राहिले तांदूळ आणि बाजरी. ती उठली, परात काढली आणि माझ्या हातात दिली.

"चला," ती म्हणाली. "वर मीनाजी, खाली नायर मॅडम. मागायचं मी. काय झालं ते सांगायचं तुम्ही. सगळं. नाकापासून."

आमच्या जिन्यात आठ घरं आणि सहा राज्यं आहेत. इतकी वर्षं तिथे राहतोय, पण जिन्यात भेटेल त्याला मी कुठे काय खावं ते सांगत आलोय, कुणाच्या घरात काय शिजतं ते विचारलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावर राजस्थानचे मीनाजी दारातच उभे राहून माझी कहाणी ऐकत होते. मी भट्टीपर्यंत आलो तेव्हा म्हणाले, "एक मिनट, पेंडसे साहब, रुकिए." आत जाऊन बायकोला आणि सासूबाईंना घेऊन आले. "अब शुरू से सुनाइए." मी सुरुवातीपासून ऐकवली. सासूबाईंनी डोळे पुसले. (हसून.) मग त्यांनी बाजरीचं पीठ परातीत ओतलं, आणि थांबायला सांगून आणखी एक भांडंभर ओतलं. गोष्ट आवडली असावी.

तळमजल्यावर नायर मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पेंडसेजी, दो साल पहले आप हमको बताया था, पुट्टू कहाँ अच्छा मिलता है. लिखके भी दिया था."

"जी," मी म्हणालो. (क्र. ९५. केरळी पुट्टू, तांदळाच्या पिठाचा.)

"हम कुछ बोला नहीं. हम घर पे रोज़ बनाता है." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि पुट्टूसाठी भाजून ठेवलेलं तांदळाचं पीठ घेऊन आल्या. मोठा डबाभर. माझी मान इतकी खाली होती की परातीतल्या बाजरीचा वास येतोय का ते बघता आलं असतं. आला नाही.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं आजी म्हणायची. मी वळसा तर मेट्रोने घेतला होता!

संध्याकाळभर वर्षाने पिठं कढईत हलकी भाजली. मी ढवळायला बसलो. अर्ध्या तासात खांदा भरून आला आणि तेव्हा मावशीचे दोन दिवस मला नीट कळले. सात वाजता वर्षाने चिमूटभर पीठ तोंडात टाकलं, थांबली, म्हणाली, "मावशीचं नाही." मग आणखी थोडे धने घातले. पुन्हा चाखलं. "पण वाईट नाही."

रविवारी मेळाव्यात लाल चौकड्यांच्या कापडामागे वर्षा एप्रन बांधून उभी राहिली आणि साडेबारापर्यंत तिच्या स्टॉलसमोरची रांग चहावाल्यापर्यंत पोहोचली. थालीपीठ, लोण्याचा गोळा, मिरचीचा ठेचा. एक वयस्कर गृहस्थ तिसऱ्यांदा रांगेत आले आणि म्हणाले, "वहिनी, भाजणी कुठली म्हणायची ही? पुण्याची?"

"आमच्या जिन्याची," वर्षा म्हणाली.

नायर मॅडम, सिन्हाभाभी आणि मीनाजींच्या सासूबाई तिघीही आल्या होत्या. आपापलं पीठ ओळखायचा प्रयत्न करत एकेक थालीपीठ खाऊन बसल्या होत्या, आणि प्रत्येकीला खात्री होती की चव आपल्यामुळेच आली.

एकच्या सुमाराला साताऱ्याहून मावशीचा फोन आला. वर्षाने तो कानाला लावला आणि माझ्याकडे बघतच बोलली. "हो मावशी. खूप गर्दी आहे. भाजणी? संपली मावशी. एक कणसुद्धा उरला नाही." मी दुसरीकडे बघायला लागलो. मावशी म्हणाली असावी, पुढच्या वर्षी जास्त पाठवते. कारण वर्षा म्हणाली, "नको, पुढच्या वर्षी मीच येते साताऱ्याला. आपण दोघी मिळून भाजू. आणि घेऊन मी स्वतः येईन." शेवटच्या वाक्यावर जरा जास्त जोर होता.

स्टॉलच्या कडेला एका खुर्चीवर मी बसलो होतो. मांडीवर उरलेल्या बिस्किटांचा डबा. जाहीर केलं होतं ना! मिहीर बायकोला घेऊन आला.

"काका, हीच का ती भट्टीची? फसवणुकीला जागाच नसलेली?"

मी डबा पुढे केला. दोघांनी एकेक घेतलं. बराच वेळ चावलं. एकमेकांकडे बघितलं.

"हेल्दी आहेत," मिहीरची बायको म्हणाली.

दोनशे माणसांत अठरा बिस्किटं गेली. त्यांतली दोन कुणाच्या तरी लहान मुलाने फेकायला घेतली होती.

संध्याकाळी घरी आलो. वर्षा दमून सोफ्यावर बसली होती, पण चेहरा स्टॉल मिळाल्याचा फोन आला त्या दिवशी होता तसाच होता. मी तिला चहा करून दिला. तिने तो घेतला, माझी वही मागितली, शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. रविवारची नोंद माझी राहिलीच होती, ती तिने भरून काढली.

'क्र. ११३. आर. के. पुरम, दुसरा मजला, उजवीकडचं दार. चहा बरा. बिस्किटं कृपया घेऊ नयेत. भूक लागल्यास जिन्यातलं दुसरं कुठलंही दार वाजवावं. मालक स्वतःला फार शहाणा समजतो.'

तासाभरात त्या नोंदीला एकशे शहाऐंशी अंगठे आले. एकशे सत्त्याऐंशीवा माझा. आणि त्यासाठी कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही.